आवाज बदललाय, सिस्टर

चाळीसपैकी कुठला लूम आजारी आहे, हे लूम दुरुस्त करणारा लहानू जॉबर डोळे मिटून सांगायचा. कारखान्यातल्या त्या खटखटाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, पण सुतातून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा एक चुकीचा ठोका त्याला बरोबर ऐकू यायचा. "लहानूभाई, सात नंबर देखो," असं कुणी म्हणायच्या आत हा पाना घेऊन तिथे हजर. त्यामुळे स्वतःच्या कानांचा त्याला भारी गर्व होता, आणि दुसऱ्या कुणाचं ऐकायची सवय अजिबात नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयातली खराब झडप काढून तिथे धातूची बसवली. तेव्हापासून छातीतून बारीक टिकटिक येई. शुक्रवारी सुट्टीमुळे गल्लीतले लूम बंद असले की ती चंपाला चुलीपाशीही ऐकू यायची. "घड्याळाशी लगीन केलंय मी," असं ती सगळ्या गल्लीला सांगायची.

हॉस्पिटलात दर मंगळवारी संघरत्ना सिस्टर झडपवाल्या पेशंटांचा वर्ग घ्यायची. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज ठरल्या वेळी घ्या, सांगितलेल्या तारखेला रक्त तपासा. पालेभाजी खा, पण एक दिवस ढीगभर आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, असं करू नका. दात काढण्याआधी इथे विचारा. "समजलं?" सगळे माना डोलवायचे. लहानूची मान तर आधीपासूनच डुलत असायची, कारण तो झोपलेला असायचा. सिस्टर चिडायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

चांगला चाललेला लूम उघडायचा नाही, हा लहानूचा नियम. आता दम लागत नव्हता, जिने चढता येत होते. मग चालत्या मशीनला औषध कशाला? त्यानं गोळी बंद केली आणि चंपाला पत्ता लागू दिला नाही. तीन आठवडे मजेत गेले.

चौथ्या शुक्रवारी दुपारी तो जेवून आडवा झाला. गल्ली शांत होती. एकाएकी त्याचे डोळे उघडले. ठोका पडत होता, पण टिक नव्हती. ओल्या कापडावर बोट आपटावं, तसं काहीतरी वाजत होतं. छातीतला आवाज नीट यावा म्हणून त्यानं तोंड उघडलं, श्वास धरला, पुन्हा ऐकलं. एखाद्या आवाजाची त्याला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

"चंपे, रिक्षा बोलाव."

"अवो, दुखतंय का?"

"न्हाय. आवाज बदललाय. गोळी बंद केली व्हती मी."

चंपानं त्यावर जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. पण रिक्षा आली.

तपासणीला बसलेल्या नव्या डॉक्टरनं नाडी पाहिली आणि मंगळवारी यायला सांगितलं. लहानू बाकावरून हलेना. शेवटी संघरत्ना सिस्टर आली.

"सिस्टर, चाळीस लूम ऐकतो मी. ह्यो माझा अडकलाय."

तिनं छातीला नळी लावली आणि तिचा चेहराच बदलला. लगेच हृदयाची सोनोग्राफी झाली. झडपेवर गुठळी धरली होती, अजून लहान होती. अजून थोडे दिवस गेले असते तर लहानू हाती लागला नसता, असं मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

शिरेतून औषधं सुरू झाली. अकराव्या दिवशी चंपा डबा घेऊन आली आणि खाटेपाशीच थबकली. टिक. टिक. "आलं माझं घड्याळ," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. लहानूही रडला, त्याला त्याची लाज वाटली नाही.

पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी सिस्टरनं त्यालाच उभं केलं.

"मी गाढव हाय," लहानूनं सुरुवात केली. "चालत्या लूमचं तेल मी कधी बंद केलं न्हाय. आन् सोताचं केलं. अरे, तेल हाय म्हनून तर तो चालतो! गोळी म्हंजे तेल. आता पंखा बंद करा. तोंड उघडा, श्वास धरा, आपापला आवाज वळखून ठेवा. बदलला तर त्याच दिवशी इथं या."

पंखा थांबला. वर्गाला पडघ्याहून येणाऱ्या ठकुबाईला कमी ऐकू येई, म्हणून तिची सून मेघालीनं तिच्या छातीला कान लावला. "हाय, आत्याबाई, झ्याक वाजतंय," ती हसून म्हणाली, आणि म्हातारीचा चेहरा फुलला.

"समजलं?" सिस्टरनं सवयीनं विचारलं.

कुणीही मान डोलवली नाही. सगळे ऐकत होते.