आठवण करून दिलेला कोळसा

वीजघरातल्या कोळशाच्या सरकत्या पट्ट्याभोवती चारशे माणसं उभी होती आणि एकही जण खोकत नव्हता. मी गावजाणता थापाड्या, पण हे खरं आहे.

वीजघराला सरकारी हुकूम आला होता: सहा आठवड्यांत जळणात वीस टक्के लाकूड दाखवा, नाहीतर बॉयलर बंद. माझा जावई त्याच बॉयलरवर. नेमके तेव्हा कुठूनसे एक महाराज उगवले.

"कोळसा म्हणजे तरी कोण? कोट्यवधी वर्षांपूर्वीचं झाडच," महाराज डोळे मिटून म्हणाले. "बिचारा विसरलाय. मी आठवण करून देतो."

काळे खडे पडद्याआड गेले, पलीकडून तपकिरी गोळे बाहेर पडले. लाकडाचा वाससुद्धा होता. वीजघराच्या साहेबांनी वजन करून ते लाकडाच्या खात्यात लिहिले. आमची रीतच तशी: पट्ट्यावर काळं ते कोळसा, तपकिरी ते लाकूड.

चार आठवडे असे गेले. मग प्रयोगशाळेतली माझी भाची आली, चिमणीतला धूर पिशवीत भरून घेऊन गेली आणि आठ दिवसांनी उतरल्या चेहऱ्याने परतली.

"मामा, जिवंत झाडात एका खास जातीचा कार्बन असतो. झाड मेलं की तो हळूहळू विझतो. कोळशात तर औषधालाही उरत नाही. धुरात तो जेवढा, तेवढंच लाकूड जळलं."

"मग किती जळलं?"

"शंभरात एक."

जावयाने तिच्यापुढे हात जोडले. "ताई, वीस लिहा. घरात दोन लेकरं आहेत."

"मी लिहीन हो. पुढचा तपासनीस धुरालाच विचारेल, त्याचं काय करू?"

तिने जावयाच्या खिशातला पाना काढला आणि पट्ट्यावरचा एक गोळा फोडला. आत काळाकुळकुळीत कोळसा, वर खळीत कालवलेल्या लाकडी भुशाचं साल. पडदा ओढला, तर मागे खळीची टाकी आणि भुशाचं पिंप. महाराज चहाला म्हणून गेले होते, ते अजून चहाच पिताहेत.

आता आठवडाही उरलेला नाही. जावई लाकडाच्या वखारी पालथ्या घालतोय. पुरेसं मिळेल असं वाटत नाही.

जन्मभर थापा मारल्या, म्हणून सांगतो: थाप ऐकणाऱ्याच्या गरजेवर पोसते. जितकी गरज मोठी, तितकं आधी फोडून बघा. आम्ही चारशे जण रोज तिथे उभे होतो, प्रत्येकाच्या खिशात पाना होता.