काचेवरच्या चांदण्या

“एक ठिपका ठेवला न्हाय बगा!” काशम्मानं काच उजेडात धरली. “तीन तास खरडत बसले हुते. कशी लख्ख झाली!”

सिद्धप्पा अंथरुणात ताडकन उठून बसला. आदल्या रात्री माळावर कुडकुडत त्यानं कॅमेऱ्यातल्या त्या काचेवर कृत्तिका उतरवून घेतल्या होत्या. पहाटे काच धुऊन वाळत ठेवताना भिंगाखाली एक्केचाळीस चांदण्या मोजल्या होत्या. आता त्यांतली औषधालासुद्धा एक उरली नव्हती.

“अगं भवाने, चांदण्या हुत्या त्या!”

काशम्माच्या हातातली सुरी गळून पडली. “अय्यो सिद्धरामा देवा! आणि मला सांगाय काय झालं हुतं?”

चूक सिद्धप्पाचीच होती. फोटोच्या काचेवर पांढरं ते काळं उतरतं आणि काळं ते कोरं राहतं. कोऱ्या काचेवर काळे ठिपके दिसले की तो कचरा, सुरीनं अलगद खरडून काढायचा, हे त्यानंच तिला शिकवलेलं. सोलापूरच्या निम्म्या नवरदेवांच्या काळ्या कोटावरचा कचरा तिनं वीस वर्षं असाच काढला होता. आणि हा शहाणा, खोकल्यापायी ती जाऊ देणार नाही म्हणून, हत्तूरला लग्नाचे फोटो काढायला जातो असं खोटं सांगून निघालेला!

“काचंवर नवरा न्हाय, नवरी न्हाय. म्हनलं, यांच्या डोळ्यांनी दगा दिला,” ती डोळे पुसत म्हणाली. “लोकं हसाय नकोत तुमाला, म्हणून साफ केली की वो.”

सिद्धप्पाचा राग तिथंच निवळला. डोळ्यांची नस सुकत चाललीय, पावसाळ्यापर्यंत दिसलं तर नशीब, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. पोरपणी घराच्या धाब्यावर निजून तो कृत्तिकांत नऊ चांदण्या मोजायचा. हल्ली तिथं नुसता धुरकट डाग दिसे. नजर जाण्याआधी एकदा त्यांना काचेत धरायचं, एवढीच त्याची आस होती.

“आज परत जायचं,” तो म्हणाला.

“चला. पण मी येणार.”

दिवस मावळायला दोघं माळावर बिरप्पा धनगराच्या मेंढवाड्याशी पोचली. थंडी अशी की मेंढरं एकमेकांत घुसून बसलेली. सिद्धप्पानं शेकोटी विझवायला लावली तसा बिरप्पा कुरकुरला, “लई गारठा हाय, मालक. चांदण्या काय पळून जात्यात व्हय?”

“पळत्यात. तेच तर दुखणं हाय.”

बिरप्पानं काशम्माच्या अंगावर घोंगडी टाकली आणि हसत मेंढरांकडं गेला.

फळीवर कॅमेरा आणि पितळी दुर्बीण शेजारीशेजारी बांधलेली. दुर्बिणीत काशम्माच्याच वेणीतल्या दोन केसांची फुली ताणलेली. आकाश सरकेल तसा खालचा स्क्रू किंचित फिरवायचा आणि चांदणी फुलीवरून तासभर हलू द्यायची नाही, नाहीतर काचेवर रेघा उमटतात. सिद्धप्पानं डोळा लावला. जागरणानं सुजलेल्या डोळ्याला पाण्याशिवाय काही दिसेना. त्यानं पुन्हा पुसला, पुन्हा लावला. मग बाजूला झाला.

“काशे, तू बग. मी फिरवतो.”

ती मातीत गुडघे टेकून बसली. “कोणती?”

“फुलीवर हाय ती. सरकली की सांग. पापणी हलवू नको.”

“सरकली!”

“कुटं?”

“खालच्या केसावर. हां... आली. थांबा. आली की!”

तासभर माळावर एवढंच बोलणं चाललं होतं. सिद्धप्पाची बोटं बधिर झाली, खोकल्याची उबळ त्यानं घोंगडीचा कोपरा दातांत धरून गिळली, पण स्क्रू सोडला नाही.

पहाटे घरी काच वाळली. काशम्मानं भिंग घेतलं आणि एकेक मोजत गेली. “साठ. एकसष्ट.” मग ती घुटमळली. “अवो, हितं कडंला एक हाय. ही चांदणी का धूळ, कळंना. काढू का?”

सिद्धप्पानं काच हातात घेतली, दिव्यासमोर धरली, भिंग लावलं. काच त्याला कोरीच दिसत होती.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “बासष्ट लिव.”

काशम्मानं सुरी पुसून डबीत ठेवली आणि बासष्ट लिहिलं.