बापूराव पेटीमास्तरांचा वन्समोर

"बाबा, तुमच्या गान्यासारख्याच एका गान्यातून थो 'जिंगो' शब्द निघाला," संघप्रिया म्हणाली, तसे पेटी पुसणारे बापूराव थांबले. लेक ब्रह्मपुरीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. तिने सांगितलं, दीडशे वर्षांमागे विलायतेत रशियाशी लढावं की नाही यावरून नुसता गदारोळ चालला होता. तिथल्या गाण्याबजावण्याच्या थिएटरांत एक गाणं गाजलं, त्यात 'जिंगो' अशी शपथ होती. लोक पेले उंचावून ती ओरडायचे. तेव्हापासून दुसऱ्याची पोरं लढाईवर धाडायला उतावीळ असणाऱ्यांना जिंगो म्हणतात.

बापूरावांना राग यायला हवा होता. उलट छाती फुगली. गाण्यातून राजकारणातला शब्द निघतो, ही काय साधी गोष्ट झाली! तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी पेटी वाजवली, पण वन्समोर मिळाला तो यंदाच, त्यांनी स्वतः रचलेल्या 'घुसून मारू'ला.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवशी चामोर्शीकडच्या एका गावात प्रयोग होता. रीतीप्रमाणे कलावंतांची जेवणं घराघरांत वाटलेली. मास्तर मनकर्णाबाईंकडे गेले. भिंतीवर त्यांच्या रोशनचा फौजी पोशाखातला फोटो होता, पोरगा सीमेवर. बाईंनी भात वाढला आणि हळूच विचारलं, "मोबाइलवर आयकलं तुमचं गानं. थो पोरगा लढाईवर जाते, मंग वापस येते का जी?"

मास्तर मनातल्या मनात गाणं म्हणून बघू लागले. तीन कडव्यांत पोरगा जातो, मारतो, झेंडा लावतो. त्याला घरी आणायचं काही त्यांना सुचलंच नव्हतं.

दुपारभर ते पडद्यामागे कागद घेऊन बसले. कंपनीचे मालक धनराजभाऊ वैतागले, शिट्या जातील म्हणाले. आणि गेल्याच. त्या प्रयोगात चौथ्या कडव्याला पोरगा बसमधून उतरला, बांधावर बूट काढून आईसोबत धान कापू लागला, आणि मांडव गप्प राहिला. मास्तरांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. आयुष्यात मिळालेला एकच वन्समोर त्यांनी आपल्याच हाताने घालवला होता.

सकाळी पेटी गाडीत चढत होती तेव्हा मनकर्णाबाई पोह्यांची ताटली घेऊन आल्या. 

"मास्तर, बसमधून उतरते, थे कडवं अजून एक डाव म्हना ना."

धनराजभाऊ हॉर्न वाजवत होते. मास्तरांनी पेटी खाली उतरवून घेतली, धुळीतच मांडी घातली आणि भाता सोडला. बाई ताटली मांडीवर धरून समोर बसल्या.