ग्रोअर म्हणजे कोण

धर्मपाल हे लिहिणारच नव्हता. एका इंग्रजी शब्दापायी घाटंजीत चार माणसं आठवडाभर भांडली, यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटायचं. शिवाय त्यात त्याचा स्वतःचा काही पराक्रम नव्हता. त्यानं नुसती मशीन बडवली. पण एक दिवस प्रेमसिंग म्हणाला, "तू नाही लिहिलं तर बापूजी सांगतीन तेच खरं धरून चालतीन लोक." मग सायबाचं काम नसलं की धर्मपाल थोडं खटखट करायचा, थांबायचा, पुन्हा खटखट करायचा. असं करत करत ते उतरलं.

साल एकोणीसशे साठ. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि वरून कागद आला होता, की आता सगळा कारभार मराठीत करा. बाजारामागच्या कापूस विक्री सोसायटीत धर्मपाल टायपिस्ट होता. शाळा सातवीत सुटलेली. इंग्रजी तो पुठ्ठे गेलेल्या एका डिक्शनरीतून आपलं आपणच शिकला होता, आणि टायपिंग यवतमाळच्या एका क्लासात झाडलोट करता करता. सेक्रेटरी वामनरावांनी सोसायटीचे इंग्रजी नियम त्याच्यापुढं टाकले.

"सारे मराठीत कर. शब्द तू शोध, सही मी करतो."

पहिले दोन नियम सरळ गेले. तिसऱ्यापाशी गाडी रुतली. तालुक्यातला कोणताही 'ग्रोअर' सभासद होऊ शकतो, असं तिथं लिहिलं होतं.

डिक्शनरीत 'ग्रो' या शब्दानं अर्धा रकाना खाल्ला होता. वाढणे. उगवणे. पिकवणे. हळूहळू होणे. इंग्रजीत कापसाची पऱ्हाटीही ग्रो होते आणि तिला पिकवणारा माणूसही तिला ग्रो करतो. केस ग्रो होतात, नखं होतात. माणूस म्हातारा होतो त्यालाही ग्रो, आणि संध्याकाळी अंधार पडत जातो त्यालाही तेच. धर्मपालला या शब्दाची गंमत वाटायला लागली. पण नियमात गंमत चालत नाही. ग्रोअर म्हणजे पिकवणारा, हे कळलं. मात्र वावर एकाचं आणि त्यात डवरा हाकणारा दुसरा असला, तर पिकवणारा कोण म्हणायचा?

हा दुसरा म्हणजे त्याचा दोस्त प्रेमसिंग. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बाप मात्र एका जागी बसला, आणि बापूजींचं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करायला लागला. बाप गेल्यावर प्रेमसिंग आणि त्याची आई रुपीबाई करायचे. पेरणी, निंदण, डवरणी, वेचणी सगळं यांचं. पण कापसाची बैलबंडी सोसायटीच्या वजनकाट्यावर आली की हमाल पुकारा करायचा तो बापूजींच्या नावाचा. बंडी हाकत आणलेला प्रेमसिंग बाजूला बैलांची मान खाजवत उभा असायचा.

"मले दुसरं काही नाही पायजे," तो म्हणायचा. "एकडाव काट्यावर माहं नाव पुकारलं पायजे. बैलाइले तरी कळू दे, कोनाचा माल वाहून राह्यले ते."

सभासद झाल्याशिवाय नाव पुकारत नसत. आणि सभासद कोण होणार, ते त्या एका शब्दावर अडलं होतं.

गोष्ट बापूजींच्या कानावर गेली; ते सोसायटीचे एक पंचही होते. ते स्वतः ऑफिसात आले, टोपी काढून टेबलावर ठेवली, सुपारी फोडली.

"काय गा धर्मपाल, लय अभ्यास चालू हाये म्हनते. सोपं लिही ना. शेतमालक."

"त्याले इंग्रजीत दुसरा शब्द हाये, बापूजी."

"इंग्रज गेले ना? मंग त्याइच्या शब्दाले कायले भेतं?" त्यांनी सुपारी गालात सारली. "हे पाय, कुळाचा कायदा आलेला, कसनाऱ्याचं वावर म्हनते. कागदावर भलता शब्द बसला, तर उद्या माहंच वावर मले वळखनार नाही. प्रेमसिंगचं मी कधी वाईट केलं काय?"

"नाही."

"मंग झालं तर."

बापूजी खोटं बोलत नव्हते. अडीनडीला त्यांनी रुपीबाईला मदतच केलेली होती. हे धर्मपालला ठाऊक होतं.

संध्याकाळी तो तांड्यावर गेला. रुपीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. प्रेमसिंगनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेतमालकच लिहून टाक बे. नाव पुकारन्यापायी वावर जाईन."

"मंग ते बैल?"

"बैलाइले काय समजते."

रुपीबाईनं विचारलं, त्या शब्दात एवढं आहे तरी काय? धर्मपालनं सांगितलं, की इंग्रजीत पीक ग्रो करता येतं, पण पोराला ग्रो करता येत नाही. पोरासाठी दुसरा शब्द लागतो.

"बराबर बोलते तो इंग्रज," रुपीबाई म्हणाली. "पोरगं आपलंआपनच वाढते, उकिरड्यावरच्या धोतऱ्यावानी. हा पाय, वाढला की नाही? पीक नाही वाढत आपलंआपन."

मग भाकरी उलथवता उलथवता तिनं दुसरंच काही सांगितलं. यंदाचं सीतादही तिनं केलं होतं.

कापसाची पहिली वेचणी व्हायच्या आधी घरची बाई वावरात जाते, एका पऱ्हाटीखाली पाच दगड मांडते, हळदकुंकू लावते, दहीभात ठेवते, फुटल्या बोंडांवर दही शिंपडते. मगच वेचायला हात लावायचा. त्या वावरात हे काम दरसाल बापूजींची बायको वच्छलाबाई करायची. बंडीतून यायची, सीतादही करायची, निघून जायची. यंदा तिचे गुडघे धरले होते. तिनं गड्याच्या हाती दह्याचं भांडं धाडलं आणि निरोप दिला, "रुपी, तूच करून टाक वो." बापूजी तेव्हा कोर्टाच्या तारखेसाठी यवतमाळला गेलेले. परत आल्यावर दह्याची गोष्ट त्यांना कोण सांगणार?

छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून धर्मपालच्या घरी कसलीच पूजा नव्हती, आणि सीतादह्याचा भात म्हटलं की त्याला एकच आठवायचं. लहानपणी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, पानं धरून बसलेले त्याच्या वस्तीतले सगळे, आणि वरून, हात न लागता, पानात पडणारा भात.

शनिवारी पंचांची बैठक भरली. प्रेमसिंग दारात उभा होता, चौकटीला टेकून. वामनरावांनी तिसरा नियम वाचला आणि म्हणाले, "इथं गाडी अडली. ग्रोअर म्हनजे कोन?"

"शेतमालक," बापूजी म्हणाले.

कोणी म्हणालं काश्तकार, कोणी म्हणालं उत्पादक. उत्पादकावर सगळे हसले, साखरेच्या कारखान्यासारखं वाटतं म्हणून. गणबाजी नावाचे एक म्हातारे पंच होते. तोंडात दात नव्हते, पण बोलायचे तोलून.

"इंग्रज कोनाले काय म्हनते, मले ठाऊक नाही," ते म्हणाले. "आपल्याकडं ज्याच्या घरच्या बाईनं सीतादही केलं, त्याचं पीक. आजवर कोनी याच्यावर भांडलं काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांत आधी बापूजींनी.

"वा गनबाजी. असंच धरा. आता वाद नाही."

वामनरावांनी धर्मपालकडं बघितलं. "बसते काय यात तुहा ग्रोअर?"

"बसते," धर्मपाल म्हणाला. त्यानं दाराकडं पाहायचं टाळलं. प्रेमसिंग गप्प राहिला असता तर ते तिथंच मिटलं असतं. वावरही राहिलं असतं.

"आमच्या वावरात आमचीच बाई करते," बापूजी टोपी घालत म्हणाले.

"यंदा याडीनं केलं, बापूजी." प्रेमसिंग आईला याडी म्हणायचा. आवाज चढवला नव्हता त्यानं. "बाईनंच निरोप धाडलता. गुडघे दुखत व्हते त्याइचे."

बापूजींनी टोपी पुन्हा काढली.

"कोन म्हनते?"

"बाईले इचारा."

विचारता आलं असतं. पण देवाच्या कामात वच्छलाबाई खोटं बोलणार नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि बापूजींना सगळ्यांत जास्त. ते थोडा वेळ टोपीची घडी नीट करत राहिले.

"तिच्या गुडघ्याइनं मले महागात पाडलं," ते शेवटी म्हणाले. गणबाजी आधी हसले, मग सगळे, आणि बापूजीही.

पीक प्रेमसिंगचं ठरलं. नियमात दही लिहिता येत नव्हतं, म्हणून पंचांच्या देखत धर्मपालनं तिथंच टाईप केलं: 'स्वतः राबून कापूस पिकवणारा.' वामनरावांनी सही केली. पुढच्या बाजारी काट्यावर हमालानं 'प्रेमसिंग' असा पुकारा केला. प्रेमसिंगचं लक्ष बैलांकडं होतं. त्याला हाक ऐकू आली नाही, म्हणून हमालाला दुसऱ्यांदा ओरडावं लागलं.

पण त्या शनिवारी, बैलांच्या दमणीत चढता चढता, बापूजी प्रेमसिंगला एवढंच बोलून गेले होते, "पुढच्या सालच्या वावराचं पाहू मंग." राग नव्हता आवाजात. त्यामुळेच त्याचा अर्थ लागत नव्हता.

बाजाराच्या दिवशी बंडी रिकामी झाल्यावर दोघं नदीपर्यंत तिच्यातच बसून गेले. प्रेमसिंग बराच वेळ बैलांशीच बोलत होता. मग म्हणाला, "पुढच्या सालच्या सीतादह्याले येशीन काय?"

"मी पूजा करत नाही, तुले माहीत हाये."

"पूजा याडी करते. तू जेव. बसून. ताटात."

चाकाखाली वाळू करकरत होती.

"आन वावर नाही राह्यलं तर?" धर्मपालनं विचारलं.

"मंग दुसऱ्याचं करीन. नाहीतर कोनाचा कापूस वेचाले जाईन. याडी कुठंतरी दही शिंपडनच."

"जिथं शिंपडन तिथं येतो," धर्मपाल म्हणाला. "बसतो, जेवतो. हे ठरलं."