अंग झाडेपर्यंत

मला गप्प बसता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात कुणालाही विचारा. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, तिथं माझ्या आवाजापुढं तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही. मी स्टाफरूममध्ये शिरले की आमचे प्राचार्य कानाला फोन लावतात, आलेला नसला तरी. त्यामुळं त्या शनिवारी दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही, हे सांगितलं तर कॉलेजात कुणी विश्वास ठेवणार नाही. पण नाही काढलं. काढलं असतं तर चांद्या गेला असता.

चांद्या म्हणजे बोकड. माझा नवरा कुमार दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीला धडकला. पाच दिवस शुद्धीवर नव्हता. मी दवाखान्यात डॉक्टरांशी भांडत होते, आणि तिकडं सांगोल्याजवळच्या वाडीत माझ्या सासूबाई, केराबाई, बिरोबाच्या देवळात डोकं टेकून बोकड बोलल्या. कुमार वाचला. डावा पाय जरा ओढतो, एवढंच. नवस पावला की उपचार, हा वाद आमच्या घरात कधीच मिटला नाही.

यंदा वाडीत टँकर सुरू झाले. चारा संपला तसे दीर बापूसाहेब मेंढरं घेऊन अकलूजच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात गेले. देवाचं जनावर वाटेत चोरीला गेलं तर काय करायचं, म्हणून आत्यांनी ते आमच्या गच्चीवर आणून बांधलं. मी सासूबाईंना आत्याच म्हणते. तांबडा रंग, कपाळावर पांढरी चंद्रकोर, आणि डोळे असे की आपलीच उलटतपासणी चालली आहे असं वाटावं.

“त्याला नाव ठिवू नगं,” आत्या म्हणाल्या. “देवाचं हाय ते.”

त्यांची एसटी स्टँडातून बाहेर पडायच्या आत मी त्याचं नाव चांद्या ठेवलं होतं.

चार दिवसांत त्यानं गच्चीच्या दाराची कडी काढायला शिकून घेतलं. मी कडीला दोरी बांधली, तर दोरीची गाठ सोडली. बोळात दहा स्कूटर येत, पण माझी वळली की वरून ओरडायचा, बाकीच्यांना ढुंकून विचारायचा नाही. उन्हाळ्यात त्याचा वास यायला लागला म्हणून मी कुमार ऑफिसला गेला की त्याला नळाखाली आंघोळ घालू लागले. पहिल्याच वेळी त्यानं असं अंग झाडलं की खालच्या चंद्रव्वांच्या वाळत घातलेल्या शेवयांचा लगदा झाला. चंद्रव्वांनी मला कानडीतून जे ऐकवलं ते मला पुरतं कळलं नाही, पण पोचलं.

मग मी त्याला शिकवलं. पाणी ओतलं की तसंच उभं राहायचं. शेवया, पापड काय असेल ते मी बाजूला करणार, आणि मग मी “शाब्बास, चांद्या” म्हटलं की झाडायचं. त्यावर भाजलेले शेंगदाणे. आठवडाभरात साहेब तयार. पाणी नाकावरून टपकत असायचं, कातडी थरथरायची, पण माझ्याकडं बघत उभा. पुढंपुढं तर शाब्बासचीही गरज उरली नाही, माझा आवाज आला की पुरे. एकदा मधेच फोन आला, मी नुसतं “हॅलो” म्हटलं, आणि चंद्रव्वांच्या शेवया पुन्हा गेल्या.

आत्या चैत्रात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं होत्या. काळा चष्मा लावून गच्चीत बसायच्या. एकदा त्यांनी ही आंघोळ बघितली आणि तोंडाला पदर लावून हसल्या. “कुमारला ल्हानपणी इतकं कळत नव्हतं,” म्हणाल्या.

त्याच सुमाराला आमच्या विज्ञान मंडळाच्या शिवयोगी सरांनी मला भाषणाला बोलावलं. विषय होता, विश्वात माणसाची बुद्धी एकटीच आहे का. माझं मत पक्कं होतं. साठ-सत्तर वर्षं माणूस आकाशाला कान लावून बसलाय. हूं नाही की चूं नाही. कुणी असतं तर एव्हाना बोललं असतं. निदान माझ्यासारखं एखादं तरी असतंच की तिकडं! पोस्टरवर छापायला मी सरांना वाक्यही देऊन टाकलं: ‘उत्तर आलं नाही, कारण तिकडं कोणी नाही.’

मी स्वयंपाकघरात मोठ्यानं भाषणाचा सराव करायची. कुमार जेवता जेवता म्हणायचा, “तुझी एकटी बुद्धी चालू असू दे, पण वर कुणीतरी कडी काढतंय.”

भाषण रविवारी. आत्यांनी नवस ठरवला त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी.

त्या शनिवारी कुमारनं मित्राची गाडी मागून आणली. मागच्या सीटवर पोतं अंथरून चांद्याला उभं केलं आणि त्याच्याशेजारी मी बसले. मोहोळ मागं पडेपर्यंत मी कुमारशी भांडत होते.

“त्याला विचारलंय का कुणी?”

“विचारणारच आहेत की,” कुमार म्हणाला. “आमच्यात विचारल्याशिवाय कापत नाहीत. अंगावर पाणी घालतात. त्यानं अंग झाडलं तर कौल मिळाला. नाही झाडलं तर नाही कापत.”

“ओलं झालेलं बोकड अंग झाडणारच. ही काय संमती? तुझ्या डोक्यावर बादली ओतते, तू केस झटकलेस की किडनी दिलीस असं धरू का?”

“पूनम, आईनं दोन वर्षं पायात चप्पल घातली नाही. नवस फिटेपर्यंत घालणार नाही म्हणते. तू तिला सांग. मला नाही जमत.”

मलाही जमणार नव्हतं. उन्हाळ्यात त्या वाडीतल्या खड्यांवरून अनवाणी चालणाऱ्या बाईला मी काय सांगणार? चांद्यानं माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली होती. मला त्याची किळस यावी असं मी मनाला बजावत होते, आणि ती येत नव्हती. मग मी ठरवलं की जे होईल ते बघायचंच नाही, आणि कुणाशी बोलायचंही नाही. फुगून बसणं मला अधूनमधून जमतं.

देऊळ माळावर आहे. पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भावकीतली दहा-वीस माणसं जमली होती. चांद्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, कपाळावर भंडारा फासला. मी लांब लिंबाच्या झाडाखाली जाऊन पाठ करून उभी राहिले. पूजा करणारे सिद्धाप्पा, कुमारचे चुलत आजोबा, देवाला गाऱ्हाणं घालत होते. “केराबाईचं ल्येकरू वाचीवलंस, त्याचं हे जितराब तुझ्या पायाशी आणलंय. गोड करून घे.” मग पाणी ओतल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही.

मी वाट बघितली. आता हलगी वाजेल, आता ओरडा होईल. पुन्हा पाण्याचा आवाज आला आणि कुणीतरी म्हणालं, “ह्ये झाडंना की वो!”

मी वळून बघितलं. चांद्या भिजून उभा होता. नाकावरून पाणी टपकत होतं, पाठीची कातडी थरथरत होती. तो मान वळवून एकेका माणसाच्या तोंडाकडं बघत होता. तो मला शोधत होता. मी शाब्बास म्हणायची वाट बघत होता.

मी तोंडावर हात दाबला आणि झाडाच्या बुंध्याआड सरकले.

पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. मी बुंध्याची साल नखानं खरवडत होते. पायांना स्वस्थता नव्हती, पण हलले तर त्याला दिसेन. सिद्धाप्पा पाणी ओतायचे, माणसं गप्प व्हायची, चांद्या उभा. ऊन असं की पाणी वाळायचं, की पुन्हा ओतायचे. टँकरच्या पाण्याची अर्धी घागर त्याच्या अंगावर गेली. कुणी म्हणालं, कानात घाला. कानात घातलं. त्यानं डोकं खाली घातलं, पण अंग नाही झाडलं. “दगुड झालंय की जनावर,” एकजण म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, दगड नाही रे, तुमच्यात सगळ्यात शहाणा तोच आहे, शब्द पाळतोय तो! पण मी ओरडले असते तर त्याच क्षणी त्यानं झाडलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडं बोलण्यासारखं काही होतं, आणि तेच बोलायचं नव्हतं.

आत्यांकडं बघवत नव्हतं. त्या देवळाच्या पायरीशी अनवाणी उभ्या होत्या, ओठ काळे पडले होते. देव नवस घेत नाही म्हणजे काय, याचा अर्थ त्या मनात लावत होत्या. मधूनमधून कुमारच्या डाव्या पायाकडं बघत होत्या. मी त्या बाईचा जीव टांगणीला लावला होता, आणि मला ते कळत होतं. तरी मी गप्प राहिले.

“सूनबाई कुटं हाय?” सिद्धाप्पा एकाएकी म्हणाले. “तिच्या हाताखालचं जनावर हाय न्हवं? बोलवा तिला. तिनं हाक मारली तर झाडंल.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. चांद्याचीही. त्यानं मला बघितलं आणि ओरडला. गच्चीवरून स्कूटर ओळखून ओरडायचा तसाच.

कुमार पाय ओढत माझ्याजवळ आला. “पूनम, एकदा हाक मार. आईकडं बघ.”

मी मान हलवली. घशावर हात ठेवला. त्याला वाटलं मला रडू येतंय, आणि ते खोटं नव्हतं.

मग मी आत्यांकडं बघितलं. त्यांची नजर माझ्यावरच होती. चांद्याकडून माझ्याकडं, माझ्याकडून चांद्याकडं. त्यांचे ओठ हलले आणि मला गच्चीतला काळा चष्मा आठवला. त्यांनी सगळं बघितलेलं होतं. एका वाक्याचं काम होतं. ही बोलली की झाडतंय, एवढं म्हटलं असतं तर चौघांनी मिळून माझ्या तोंडातून आवाज काढला असता. त्यांचा लेक, त्यांचा देव, त्यांचे दोन वर्षांचे भाजलेले तळवे एका बाजूला होते. मी हात जोडले. देवाकडं तोंड करून नाही, त्यांच्याकडं.

आत्यांनी तोंडाला पदर लावला. खूप वेळ तसाच धरून ठेवला. मग सिद्धाप्पांकडं वळून म्हणाल्या, “तिला कशाला बोलवताय? देवाला इचारलंय, तर देवच सांगंल की.”

सूर्य माळाच्या कडेला टेकला आणि गेला. सिद्धाप्पांनी तांब्या खाली ठेवला. “देवानं जित्ता मागितला,” ते म्हणाले. “सोडा त्याला. आता कुनी धरायचं न्हाय, घरला न्यायचं न्हाय. हितंच ऱ्हाईल.” कुणीतरी दावं कापलं. आत्या खाली बसल्या आणि हमसून रडल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. त्या रागावल्या होत्या की नाही, मला आजही सांगता येत नाही.

निघताना चांद्या देवळासमोर तसाच उभा होता, ओला. त्यानं अजून झाडलं नव्हतं. माणसं अजून पांगली नव्हती. आता झाडलं तर सिद्धाप्पा उशिराचा कौल म्हणून परत तांब्या उचलतील, ही धास्ती मला होती. मी त्याच्या समोरून खाली मान घालून गेले आणि गाडीत बसले. तो दोन पावलं माझ्यामागं आला, ओरडला, आणि थांबला. मी काच वर केली. इतकं वाईट मला दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

रस्त्याला लागल्यावर शिवयोगी सरांचा फोन आला. पोस्टर छापायला द्यायचं होतं.

“सर, ते वाक्य काढून टाका,” मी म्हणाले. दुपारपासूनचे ते माझे पहिले शब्द होते, आवाज घोगरा आला. “उत्तर आलं नाही म्हणजे कोणी नाही, हे मी नाही म्हणणार.”

“का हो मॅडम? काही नवीन सिग्नल सापडला का?” सर हसत म्हणाले.

“नाही. असतात काहीजण. ऐकत असतात. आपण बोललो तर तिकडच्याचा जीव जाईल म्हणून गप्प बसतात.”

“मग त्या जागी काय छापू?”

“माहीत नाही. कोरी सोडा.”

कुमारनं गाडी हळू केली आणि आरशातून माझ्याकडं बघितलं. त्याला काय ते कळलं असावं.

मी काच खाली केली. माळ मागं गेला होता, देवळाचा दिवासुद्धा दिसत नव्हता. माझ्या शेजारी पोतं तसंच होतं, त्यावर तांबडे केस आणि दोन-चार शेंगदाणे. मी डोकं बाहेर काढलं, वारा उलटा होता, आवाज पोचणं शक्य नव्हतं हे मला फिजिक्सशिवायही कळत होतं.

“शाब्बास, चांद्या,” मी म्हणाले. “झाड आता.”