टिकटिक बंद झाली तेव्हा

मित्रांनो, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, अगदी मागच्या फळीवर, काचेच्या बरणीत मी पडून आहे. मी हृदयात बसवायची एक जुनी कृत्रिम झडप. कोटाच्या बटणाएवढे एक कडे आणि त्यात दोन काळ्या अर्धगोल पाकळ्या, एवढाच माझा संसार. पाकळ्या उघडल्या की रक्त पुढे जायचे, मिटल्या की ते मागे फिरायचे नाही.

कारखान्यात माझे फार लाड झाले. भिंगाखाली धरून मला न्याहाळले, पुसले, पुन्हा न्याहाळले. ही जन्मभर झिजायची नाही, असे तिथली माणसे म्हणत. ती खोटे बोलत नव्हती. मी झिजले नाहीच.

मला एका ग्रंथपालबाईंच्या हृदयात बसवले. त्यांची स्वतःची झडप लहानपणच्या आजारपणात आखडली होती. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. मी आले आणि बाई पुन्हा शिडीवर चढून वरच्या कप्प्यातली पुस्तके काढू लागल्या. मी किती फुशारले होते, काय सांगू!

माझी एकच खोड होती. मिटताना मी 'टिक्' असा आवाज करायची. बाजारात तो कुणाला ऐकू गेला नसता, पण बाईंची नोकरी नेमकी वाचनालयात. भिंतीवर पाटी, 'कृपया शांतता राखा'. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "बाई, पाटी तुम्हीच लावलीत ना? मग आधी तुम्ही पाळा की!" सगळे हसायचे. बाईही हसायच्या, पण भर उन्हाळ्यात छातीवर जाड शाल गुंडाळून बसायच्या. मला फार वाईट वाटायचे.

घरी मात्र माझे कौतुक होते. बाईंचे यजमान बस चालवत. ते म्हणायचे, "अगं, तुझी टिकटिक ऐकली की दुपारची झोप कशी छान लागते."

माझ्यासारखीला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज लागते. ती चुकली की रक्त माझ्या सांध्यात गोठू लागते. पण त्या गोळीने बाईंच्या हातांवर काळेनिळे डाग पडत, दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. एकदा नणंद म्हणाली, "वहिनी, चांगल्या ठणठणीत दिसताय की! कशाला रोज ते विष पोटात घालता?" बाईंना तेच ऐकायचे होते. गोळी आधी दिवसाआड झाली, मग बंदच. यजमानांना त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

माझी एक पाकळी जड झाली. मग दुसरीही. माझा आवाज बसत गेला.

"वा बाई! आज पाटी पाळलीत!" पेपरवाले आजोबा म्हणाले. बाईंनी शाल काढून खुर्चीवर टाकली. घरी जाऊन त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत? आवाजच येत नाहीये. झडप मुरली वाटतं एकदाची अंगात."

"चला, सुटलीस!" यजमान म्हणाले. त्या दिवशी घरात गोडधोड झाले.

मी आत जीव तोडून ओरडत होते, मित्रांनो. पण ओरडायला माझ्याकडे ती टिकटिकच होती, आणि नेमकी तीच गेली होती.

धाप परत आली. थंडी बाधली असेल, असे म्हणून बाईंनी आठवडा काढला. मग एके सकाळी त्या शिडीवरून पुस्तकांसकट खाली कोसळल्या. डॉक्टरांनी घाईघाईने मला काढून नवी झडप बसवली. पण थकलेले हृदय पुन्हा चालू झालेच नाही.

नंतर डॉक्टरांनी यजमानांना मला दाखवले. चिमट्याने रक्ताची गाठ सोडवून त्यांनी पाकळी ढकलली. टिक्.

"गाडीच्या इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी मी गाडी बाजूला घेतो हो, डॉक्टर," यजमान म्हणाले. "आणि घरात..." ते माझ्यावर वाकले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा वाजवता का?"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या छातीत माझी एखादी बहीण टिकटिकत असेल, तर तिला हसू नका. त्या माणसाची गोळी चुकू देऊ नका. आणि टिकटिक कधी बंद झाली, तर गोडधोड करत बसू नका. धावा.