एक जून

नवनाथ तुरुंगात गेला तो स्वतःच्या तोंडानं. सातपूरच्या वर्कशॉपात काम मिळावं म्हणून 'अठरा पूर्ण' असं सांगायची त्याला सवय लागली होती. चार जूनला चहाच्या टपरीवर मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि पोलिसांनी वय विचारल्यावरही पठ्ठ्यानं तेच ठोकून दिलं. झालं! रवानगी मोठ्यांच्या तुरुंगात.

त्याची आई सिंधुबाई दर आठवड्याला कळवणहून एसटीनं भेटायला यायची. मध्ये काच, कानाला फोन. पोराचं बोलणं ऐकू यायचं, पण तिला बोलण्याची भूक नव्हतीच. त्याच्या केसांतून एकदा हात फिरवायचा होता. घरी गाईच्या पाठीवर हात ठेवला तरी तिला तेच आठवायचं आणि जीव तुटायचा.

सरकारकडून फुकट मिळालेल्या वकील मनीषाताई म्हणाल्या, "मारामारीच्या दिवशी तो अठराच्या आत होता हे दाखवलं, तर त्याला मोठ्यांत ठेवताच येत नाही. हा त्याचा हक्क आहे. मुलांच्या निरीक्षणगृहात न्यावं लागेल. तिथं काच नसते."

काच नसते! पुढचं सिंधुबाईनं ऐकलंच नाही. दुसऱ्याच दिवशी ती शाळेचा दाखला घेऊन हजर.

तो वाचून मनीषाताईंचा चेहरा पडला. जन्मतारीख एक जून. म्हणजे मारामारीच्या दिवशी अठरा वर्षं आणि वर तीन दिवस. "कोर्ट आधी शाळेचाच कागद बघतं, मावशी."

"एक जून?" सिंधुबाई भडकली. "वसुबारसेला झालाय माझा नवनाथ! गाईला घास द्यायला उठले न् कळा सुरू झाल्या. ही तारीख गुरुजींची हाय. आमच्या गावची समदीच पोरं एक जूनची!"

"सगळीच?"

"इचारा कुणालाबी."

मनीषाताई खुर्चीतून उठल्याच.

पुढच्या तारखेला शाळेचं रजिस्टर कोर्टात आलं. न्यायाधीशबाईंनी पान उघडलं. पहिलीची एकतीस पोरं, एकतीसही एक जूनची. मागचं वर्ष पाहिलं, तिथंही तेच. जूनमध्ये पोर सहा वर्षांचं भरलं पाहिजे, आणि तारखा विचारत बसायचा वाल्मीक गुरुजींना कंटाळा. त्यांच्या लेखी अख्खं गाव दरसाल एकाच दिवशी बाळंत होत होतं. कोर्टात हसू पिकलं. सिंधुबाई तेवढी हसली नाही. पदराचं टोक मुठीत आवळून ती बसून होती.

मग ग्रामपंचायतीची जन्मनोंद मागवली. तिथली तारीख त्याच सालच्या वसुबारसेची निघाली, म्हणजे मारामारीच्या दिवशी अठराला अजून चार-पाच महिने कमी. निकाल सांगताना न्यायाधीशबाई 'आरोपी' म्हणायचं सोडून 'बालक' म्हणाल्या. बाप गेल्यापासून नवनाथला कुणी लहान म्हटलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. ते तिला तिथं बसल्या बसल्या फार लागलं.

निरीक्षणगृहातल्या खोलीत नवनाथ समोर आला तेव्हा पार वाळला होता. तिनं हात उचलला आणि तो मध्येच थबकला. एवढ्या दिवसांत हाताला काचेची सवय झाली होती. नवनाथनंच डोकं पुढं केलं.

"आई, मंग आता मी कितीचा?"

"सतराचा. वसुबारसेला अठरा लागतील... नाय, पुरे होतील."

त्यानं बोटांवर हिशेब केला.

"म्हंजी ल्हान ऱ्हायला दोन महिने हायेत अजून," म्हणत त्यानं तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि तो हमसून हमसून रडला.